ढिल्या टेपचं माप

त्या रविवारी सुजाताने आकडा विचारला नाही. तिच्या पोटाभोवती टेप घेऊन मी वाकले होते, बेंबीच्या वर दोन बोटं, तीच ती जागा. टोक जिथं जुळलं तिथं अंगठ्याचं नख दाबून मी वर पाहिलं. एरवी माझी कंबर सरळ व्हायच्या आतच तिचं सुरू व्हायचं, ‘किती झालं वं?’ त्या दिवशी ती खिडकीबाहेर पाहत राहिली. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं... शेजारच्या क्वार्टरवाल्यांची वाळत घातलेली चादर, आणि प्लांटच्या बाजूचं आपलं नेहमीचं तांबूस आभाळ. मी टेप गुंडाळून पिशवीत टाकली. ‘चहा ठेवू का?’ म्हटलं. ‘ठेव,’ म्हणाली. चहा तिने घेतला नाही, त्यावर साय धरली. मी घरी आले ती ऑटोत रडतच आले, ऑटोवाला आरशातून पाहून राहिला होता, पाहू दे म्हटलं. त्याच आठवड्यात एका सकाळी तिच्या धाकट्या भावाचा फोन आला. ‘पुष्पाताई, ताई गेली.’ मला धक्का बसला नाही. मला ते रविवारीच कळलं होतं.

भिलाईतल्या लोकांना ती डॉक्टर सुजाता म्हणून माहीत आहे, नुकत्या जन्मलेल्या लेकरांची डॉक्टर. टाउनशिपमधल्या दवाखान्यात तिची सगळी उमर गेली. माझ्यासाठी ती कॅम्प-एकच्या गल्लीतली सुजी. तिचे वडील अन् माझे वडील, दोघंही भंडाऱ्याकडून पोलादाच्या प्लांटमध्ये नोकरीला आलेले. त्यांच्या घरावर निळा झेंडा, आमच्या भिंतीवर देवाचं कॅलेंडर, मध्ये एकच नळ. नळावर आमच्या आया भांडायच्या आणि आम्ही दोघी त्याच नळाखाली पाय धुवून शाळेत जायचो. शाळा हिंदी, घर मराठी. तिचं डोकं पुस्तकात, माझं खिडकीबाहेर. ती नागपूरला मेडिकलला गेली त्या वर्षी मी शिवणाच्या क्लासला नाव घातलं. दोघी मिळून सुपेल्याच्या बाजारात गेलो होतो. तिने एक मोठी ट्रंक घेतली आणि मी एक टेप, पिवळी, दोन्ही टोकांना पितळी पत्रा लावलेली. तिच्या ट्रंकेचं पुढे काय झालं माहीत नाही. टेप अजून आहे. सगळी कथा त्या टेपचीच आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

सुजी बोलघेवडी होती. लेकरू तपासता तपासता ती आईला झापायची, बापाची फिरकी घ्यायची, आजीबाईंना त्यांच्या गावाचं नाव विचारायची. तोंड चालू असलं की समजायचं, सगळं ठीक आहे. ती गप्प झाली की मात्र खोलीतली हवाच बदलायची. तिच्या नर्सबाया सांगायच्या, मॅडम चूप झाल्या की आम्ही हातातलं काम टाकून पलंगाजवळ येतो. दुसरी तिची सवय म्हणजे हात गरम करायचे. लेकराला हात लावण्याआधी गरम पाण्याचा पेला दोन्ही तळव्यांत धरून बसायची. थंड हात लागला की लेकरू पोट कडक करतं, मग आत काय आहे ते बोटांना कळत नाही, असं ती सांगायची.

माझ्या मुलाला, मंगेशला, मुलगी झाली तेव्हा आम्ही रिसालीच्या नव्या घरात नुकतेच आलो होतो. सासूबाई तेव्हा होत्या, आणि नुसत्या होत्या असं नाही, घर त्यांच्याच तोंडावर चालायचं. त्यांचा नियम असा, की सव्वा महिन्याने बारसं होईस्तोवर लेकराच्या अंगाला नवं काही लागू द्यायचं नाही. झबलं जुन्या लुगड्याचं, दुपटं माझ्या पोरांचं, तेलाची वाटीसुद्धा जुनी. नव्यावर नजर जाते म्हणायच्या. मी टेलर बाई, नातीसाठी किती काय काय शिवून ठेवलं होतं... सगळं कपाटात.

बाळी महिन्याची व्हायची होती. तिला पायावर पालथी घेऊन मी तेल लावत होते, तर पाठीवर बोटाला वाटाण्याएवढं काही लागलं. कातडीखाली, सरकणारं. मग मांडीवर एक. दाराशी उजेडात नेलं तर निळसर दिसलं. सासूबाई पुढे आल्या. ‘अव माय, हे निळं काय व्हय? कोनं चिमटे घेतले लेकराले?’ आणि सरळ सुनेकडे पाहिलं. प्रिया बिचारी ओली बाळंतीण, ती रडायलाच लागली. मी म्हटलं, ‘आई, तुमी उगी बसा जराशा!’ आणि सुजीला फोन लावला.

ड्युटी संपवून ती सरळ घरी आली. ‘आजी, माझा पेला द्या, गरम पाणी टाकून.’ आता त्या पेल्याचंही सांगते, लपवण्यात काय अर्थ आहे? आमच्या घरी सुजीसाठी एक स्टीलचा पेला वेगळा होता. सासूबाईंनी तो खिडकीत वेगळा ठेवला होता, कावून ठेवला हे त्यांनी कधी म्हटलं नाही आणि सुजीने कधी विचारलं नाही. पण ती दर वेळी ‘माझा पेला’ असंच म्हणायची, जरा मोठ्यानेच. तर पेला धरून तिने हात शेकले, बाळीला मांडीवर घेतलं, प्रियाला म्हणाली, ‘रडतं कावून? दूध आटन ना बाई.’ बोलता बोलता तिची बोटं पोटावर उजवीकडे गेली. बरगडीखाली थांबली. मग खाली सरकली... आणखी खाली... आणि ती गप्प झाली. प्रियाला काही कळलं नाही, ती आपली डोळे पुसत होती. मी मात्र दाराची चौकट धरली. बाहेर प्लांटचा भोंगा वाजला, तो संपेपर्यंत सुजीने मान वर केली नाही.

पुढचे दिवस सोनोग्राफी, लघवीची तपासणी, रक्त, असेच गेले. पाठीवरची एक गाठ काढून मुंबईला तपासायला पाठवली. मग एक दिवस दुपारी ती माझ्या सुपेल्याच्या दुकानात आली, गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली, आणि दोन बाया ब्लाउजचं माप द्यायला उभ्या होत्या त्यांना म्हणाली, ‘तुमी उद्या या.’ त्या गेल्यावर म्हणाली, ‘पुष्पे, गाठ आहे. मूत्रपिंडाच्या डोक्यावर. जन्माच्या आधीपासूनची. तिथून लिव्हरमध्ये पसरली, कातडीत आली.’

‘कॅन्सर?’

‘त्याच घरातली. न्यूरोब्लास्टोमा म्हणतात. पण आईक ना, रडू नको आताच. याची एक जात आहे, ते फक्त अशा तान्ह्या लेकरांत दिसते. पसरते, पोट फुगवते... अन् मंग काही लेकरांत आपली आपणच विरून जाते. कशी जाते, पक्कं कोनालेच माहीत नाई.’

‘मंग आपल्या बाळीची जाईन ना?’

‘काही लेकरांत म्हटलं मी,’ सुजी म्हणाली. मशीनच्या टेबलावर पडलेली एक चिंधी ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मुंबईहून गाठीचा स्वभाव सांगणारा एक रिपोर्ट यायचा होता. तो वाईट आला तर थांबता येणार नव्हतं. तो आला तेव्हा चांगला आला, आणि आमच्या घरात खरी भीती तिथून सुरू झाली, कारण सुजी म्हणाली, आता काहीच करायचं नाही. फक्त पाहायचं.

कॅन्सर म्हटल्यावर हातावर हात ठेवून बसायचं? मंगेश माझा मुलगा, पण जन्म भिलाईचा, राग आला की हिंदीवर येतो. ‘मतलब बैठके देखते रहें क्या? मावशी, औषध आहे तं देत कावून नाई? पैसे का सवाल है तो बोलो।’ सुजीने त्याला समोर बसवलं. ती नागपूरला शिकत होती तेव्हा एका मुलाला असंच झालं होतं. पोट मोठं पाहून मोठ्या डॉक्टरांनी जोराची औषधं दिली. अंगातली ताकद गेली, साधा ताप आला, आणि मुलगा गेला. ‘नंतर पायलं तं गाठ अर्धी विरलेली होती रे,’ ती म्हणाली. ‘तिच्या रस्त्यानं ती जाऊनच राहिली होती. आमी लेकरू घालवलं.’ मी मध्येच बोलले, ‘म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर.’ नेहमी अशा वाक्यावर ती मला टोमणा मारायची, त्या दिवशी मारला नाही. मंगेशला म्हणाली, ‘पोट वाढलं, छातीवर दाब आला, श्वासाले त्रास झाला, तं मी एक तासही थांबनार नाई. थोडं औषध देऊन पोट उतरवीन. पण तोवर नाई. अन् माझं चुकलं तं...’ पुढे काय ते सगळ्यांना कळलं.

तर आम्हाला पाहायचं होतं ते हे. श्वास, दूध, लघवी, पाय हलवते का, आणि पोट. पोट रोज मोजायचं. दवाखान्यात आणू नका, तिथं दुसरंच काही लागून येईल, मीच घरी येते, असं सुजीने ठरवलं. पहिल्या संध्याकाळी तिने पर्समधून नवीकोरी कागदी टेप काढली, तर सासूबाई आडव्या आल्या. ‘नवं नाई लावाचं लेकराले. बारसं झालं नाई अजून.’ सुजी म्हणाली, आजी, ही नुसती टेप आहे. ‘टेप असो का सोनं असो.’ आता या बाईशी कोण भांडणार? मी मशीनच्या ड्रॉवरमधून माझी ती जुनी पिवळी टेप काढली. दुकानात मी केव्हापासूनच दुसरी वापरायची, ही घरी पडलेली असायची, इतकी मऊ झालेली की नाडीसारखी लोंबायची. सुजीने ओळखली. ‘अवं, ही तं सुपेल्याची!’ म्हणाली, आणि त्या सगळ्या दिवसांत ती तेवढी एकदा हसली. सासूबाई रोज बाळीच्या पोटावर काजळाची तीट लावायच्या, ती बेंबीच्या वर दोन बोटं यायची. सुजी म्हणाली, ‘आजी, तीट रोज इथंच लावा, मले खूण होते.’ म्हातारीलाही काही तरी करायला मिळालं. ती तीट मग कधी इकडची तिकडे झाली नाही.

त्यानंतरचे दिवस कोणाच्या वाट्याला येऊ नयेत. पोट मोजायचं, आकडा ऐकायचा, आणि दुसऱ्या संध्याकाळची वाट पाहायची. आकडा तोच यायचा. कधी एखादं सूत, इंचाचा आठवा भाग, जास्त, पुन्हा तोच. बाळी दूध प्यायची, झोपायची, आणि झोपली की आम्ही सगळे तिची छाती वरखाली होते का ते पाहत बसायचो. घरात कोणी मोठ्याने भांडं ठेवत नव्हतं. निळ्या गाठी आणखी दोन-तीन आल्या. संध्याकाळी प्लांटमध्ये भट्टीतली वितळलेली मळी ओतली की आभाळ लाल होतं, जन्मापासून पाहत आलेलं दृश्य, पण त्या दिवसांत मला ते पाहवत नव्हतं, मी खिडकी लावून घ्यायची. शेजारच्या बाया विचारायच्या, बारसं कधी? प्रिया आत निघून जायची. आणि सुजी रोज यायची. ती वाळली होती, डोळ्याखाली काळं आलं होतं. एकदा तिला सोडायला फाटकापर्यंत गेले तेव्हा मी विचारलं, ‘तुले भेव नाई लागत?’

‘लागते ना. रोज लागते,’ ती म्हणाली. ‘पेला धरून बसतो ना मी... लेकरासाठीच धरतो, पण हात थरथरते तेही थांबते.’ माझ्याशी बोलताना ती ‘मी करतो’ असंच बोलायची, लहानपणापासून.

मग तिची आई नागपूरला पडली, मांडीचं हाड मोडलं, आणि सुजीला जावं लागलं. दोन दिवसांत येते, तोवर तू मोज, म्हणाली. नेमकी तेव्हाच बाळीला सर्दी झाली. नाक घुरघुरायला लागलं तशी मंगेशने धीर सोडला, आणि आम्ही तिला सुजीच्याच दवाखान्यात नेलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरने नीट तपासलं, प्रेमाने तपासलं, आणि पोट मोजलं. त्यांच्या टेपने. घरचा आदल्या संध्याकाळचा आकडा मी सांगितला, आणि त्याचा चेहराच उतरला. बोटभर वाढलं होतं. एका रात्रीत बोटभर! त्याने मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, आता थांबणं म्हणजे वेडेपणा आहे, भरती करा, औषध चालू करा. सोनोग्राफीवाले दुसऱ्या दिवशी येणार होते. मंगेशने लगेच सही केली. खोटं कशाला बोलू, त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसत होतं, एकदाचं कोणी काही तरी करून राहिलं होतं. प्रिया भिंतीला टेकून खाली बसली. मी सुजीला फोन केला. तिने सगळं ऐकलं, एवढंच म्हणाली, ‘गाडीत बसतो,’ आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुर्ग स्टेशनवरून ती बॅगेसकट वॉर्डात आली. बाळीच्या हाताला सुई टोचून झाली होती, औषधाची बाटली यायची होती. मोठे डॉक्टर तिथंच उभे होते, त्यांचा आवाज चढला होता. ‘मॅडम, तुमच्या या थांबण्यात मुलगी जाईल.’ सुजीने पेला मागितला, हात शेकले, बाळीच्या पोटावर ठेवले. बराच वेळ. बाळी तिच्याकडे पाहत होती. मग सुजी माझ्याकडे वळली.

‘पुष्पे, कोनत्या टेपनं मोजलं?’

‘दवाखान्याच्या.’

‘आपली कुठं आहे?’

‘घरी.’

‘घेऊन ये. पळ.’

मी कशी गेले आणि कशी आले मला माहीत नाही. रिसालीचा रस्ता तेव्हा खोदलेला होता, ऑटो आदळत होता आणि मी टेप मुठीत धरून बसले होते. वॉर्डात आले तर बाटली लटकवलेली होती, पण सुजी मध्ये उभी होती. तिने माझ्या टेपने पोट मोजलं. परवाचाच आकडा! तोच, तिळभर इकडे नाही तिकडे नाही. मग तिने दोन्ही टेपा पलंगावर शेजारी शेजारी अंथरल्या, टोकाला टोक लावून. सुरुवातीला आकडे जुळत होते. पुढे पुढे माझ्या टेपचे आकडे मागे राहायला लागले, आणि बाळीच्या पोटाच्या आकड्याशी येईपर्यंत बोटभर मागे पडले. वर्षानुवर्षं ओढून ओढून टेप ढिली होऊन लांबली होती, माप कमी दाखवत होती. काखेत कळसा अन् गावाला वळसा... सगळं घर रोज ती टेप पाहत होतं, आणि हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, सुजीच्याही नाही.

आता तिचा मोठेपणा इथं आहे. दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, चला, सुटलो. ती मंगेशला म्हणाली, ‘नीट आईक. पोट आपल्याले वाटत होतं त्याच्याहून मोठं आहे. पहिल्या दिवसापासूनच मोठं होतं. ते माझं चुकलं. पण ते वाढलं नाई. घाबरायचं तेवढं घाबर, पण औषध द्यायचं कारण अजून आलं नाई.’ मोठे डॉक्टर म्हणाले, जबाबदारी तुमची. ती म्हणाली, ‘होय, माझी.’ बाटली उतरवली. नंतर सोनोग्राफी झाली, लिव्हर होतं तेवढंच होतं. मी म्हटलं, ‘आता ही टेप जाळून टाकतो बाप्पा.’ तर ती माझ्यावर ओरडली, ‘खबरदार! हिच्यानंच मोजायचं पुढं. खोटं असलं तरी एकच खोटं असू दे. एकच खोटं रोज मोजलं, तं वाढलं का उतरलं ते खरंच कळते.’

पोट उतरलं. एका दिवसात नाही... एक सूत, मग पुन्हा तोच आकडा, मग दोन सूत. निळ्या गाठी पुसट होत गेल्या. ज्या संध्याकाळी टेपचं टोक पहिल्या दिवसाच्या जागेच्या चांगलंच आत आलं, त्या संध्याकाळी सुजी सासूबाईंना म्हणाली, ‘आजी, आता बारसं करा.’ नाव अन्वी ठेवलं. कपाटातलं सगळं नवं बाहेर निघालं, त्यातलं निम्मं तिला लहान झालं होतं. त्या दिवशी सासूबाईंनी स्वतः चहा केला आणि पाहुण्यांच्या कपबशीत सुजीपुढे ठेवला. सुजीने कपबशीकडे पाहिलं आणि गोड आवाजात म्हणाली, ‘आजी, माझा पेलाच द्या ना. हाताले सवय झाली आहे.’ म्हातारी खिडकीशी गेली आणि पेला घेऊन आली. पाहुण्यांना वाटलं, डॉक्टरीणबाई साध्या आहेत. मला आतून कापल्यासारखं झालं, आणि सुजीचा राग आला नाही. ते तिचं आमच्याकडे राहिलेलं येणं होतं, तिने घेतलं.

त्यानंतर दर वाढदिवसाला अन्वी फ्रॉक वर धरून उभी राहायची, आणि सुजी काजळाची तीट लावून त्याच टेपने तिला मोजायची. तपासण्या दवाखान्यात व्हायच्याच, हे वेगळं. दोघी आकडा मोठ्याने म्हणायच्या. अन्वीला तो खेळ वाटायचा. सुजी पोट मोजताना हसायची, पण मोजण्याआधी तिची बोटं बरगडीखालून एकदा फिरून यायची, आणि तेवढा वेळ ती गप्प असायची. गाठ गेली म्हणून ती कधी म्हणाली नाही. ‘नाई दिसून राहिली,’ एवढंच म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी ती दुकानात ब्लाउज सैल करायला घेऊन आली. निवृत्त झाली होती, बसून खाते म्हणून वाढले, असं म्हणाली. मी दंडाचं माप घेतलं, ते कमी आलं होतं. कमरेचं घेतलं, ते वाढलं होतं. इतकी वर्षं बायांची मापं घेते मी, बाई सुटते तेव्हा दंडानेही सुटते. मी पुन्हा मोजलं. सुजीने माझ्याकडे पाहिलं. ‘मले माहीत आहे,’ म्हणाली. पोटात पाणी भरत होतं. अंडाशयातून सुरू झालेलं, तेही त्याच घरातलं, पण आपोआप विरणाऱ्या जातीचं नव्हे. रायपूरला औषधं झाली, पाणी काढलं, पुन्हा भरलं. एक दिवस म्हणाली, ‘आपली टेप घेऊन येत जा. रविवारी.’ मी म्हटलं, ‘सुजे, डॉक्टर मोजतात ना.’ ‘ते दर वेळी वेगळ्या टेपनं मोजतात,’ ती म्हणाली.

मग दर रविवारी मी जायची. एकदा मी आकडा थोडा कमी सांगितला, तिच्या लगेच लक्षात आलं. ‘पुष्पे, टेप आधीच खोटी आहे. त्यावर तू खोटं बोलशीन तं हिशोबच लागनार नाई.’ आणि हसली. अशी बाई. मी कडाडून भांडले तिच्याशी त्या दिवशी, कशाला पाहिजे तुला आकडा, काय करणार आहेस त्याचं? ती म्हणाली, ‘लेकरांच्या माय-बापांना मी हेच करायले लावलं ना, वर्षानुवर्षं. नुसतं पाहायले. मलेही पाहू दे, कसं वाटते ते.’ कसं वाटतं, ते मात्र तिने सांगितलं नाही. आकडा चढत गेला. ती विचारत गेली, मी सांगत गेले. आणि मग तो रविवार आला.

गेल्या आठवड्यात अन्वीचा वाढदिवस झाला. नव्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, सगळं साफ आहे म्हणाले, भला माणूस आहे. तरी संध्याकाळी पोरगी माझ्यापुढे फ्रॉक वर धरून उभी. ‘आजी, टेप.’ मी म्हटलं, ‘डॉक्टरनं पायलं ना सकाळी?’ म्हणाली, ‘उन्होंने टेप से थोडी देखा.’ काजळाची तीट तिने आपल्या हाताने लावून ठेवली होती, बेंबीच्या वर, दोन बोटं. मला नाही म्हणवेना. खिडकीतला पेला घेतला, त्यात गरम पाणी ओतलं, आणि दोन्ही तळव्यांत धरून बसले. सुजी खरं बोलली होती, थरथर कमी होते. टेप पिशवीतून काढली, त्या रविवारनंतर पहिल्यांदा. माझ्या नखाची खूण तिच्यावर अजून होती, दूर कुठे तरी, मोठ्या आकड्याजवळ. अन्वीचं माप त्या खुणेच्या कितीतरी अलीकडे आलं. गेल्या वर्षापेक्षा थोडं जास्त. वाढतं लेकरू आहे, पोट वाढणारच, हे मला कळत नाही का? पण त्या टेपवर चढलेला आकडा पाहिला आणि मी टोक पुन्हा जुळवून पाहिलं. ही वाढ कोणती, हे बोट फिरवून सांगणारी आता नाही. मी आकडा न सांगताच टेप गुंडाळायला लागले.

अन्वीने माझा हात धरला. फ्रॉक अजून वरच होता. मराठी ती फारशी बोलत नाही, पण हे चार शब्द तिला कोणी शिकवले ते सांगायला नको.

‘आजी, किती झालं वं?’

मी सांगितला. मोठ्याने सांगितला.